जोडपट्ट्याचे विस्मरण आणि पुनःशोध : मेंदूच्या दोन गोलार्धांतील दळणवळणाच्या अभ्यासाचा इतिहास

अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात रॉचेस्टर येथे व्हॅन वॅगेनन या शल्यविशारदाने हेरेन यांच्या सहकार्याने १९४० साली एक निवेदन प्रसिद्ध केले. औषधोपचारास दाद न देणाऱ्या अपस्माराच्या दहा रुग्णांवर त्यांनी शस्त्रक्रिया केली होती. तीत मेंदूच्या उजव्या व डाव्या गोलार्धांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा अंशतः किंवा पूर्णतः छेदण्यात आला होता. एका गोलार्धात उठलेला झटका दुसऱ्यात पसरू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. पुढील काही वर्षांत अशा रुग्णांची संख्या पंचवीसच्या आसपास गेली आणि अकेलायटिस या तज्ज्ञाने त्यांची मोठ्या चिकाटीने तपासणी केली. वाचन, लेखन, वस्तूंची नावे सांगणे, दोन्ही हातांचा मेळ घालून करावयाची कामे असे सर्व काही त्याने पाहिले. निष्कर्ष असा निघाला, की रुग्णांत म्हणण्यासारखा काहीच फरक पडलेला नाही.

मानवी मेंदूतील सर्वांत मोठा तंतुसमूह कापला आणि काहीच बिघडले नाही, हे कसे काय घडले? त्या काळच्या शास्त्रज्ञांनाही याचे आश्चर्य वाटले असावे. पण त्यांनी ते थट्टेवारी नेले. अपस्माराचे झटके एका बाजूकडून दुसरीकडे पोचविणे हेच या पट्ट्याचे एकमेव कार्य दिसते, असा विनोद मॅकलोक यांच्या नावावर सांगितला जातो. दोन गोलार्ध खाली ओघळू नयेत म्हणून निसर्गाने हा टेकू दिला असावा, असे लॅशली म्हणत, अशीही आख्यायिका आहे. वास्तविक या पट्ट्याचे कार्य काय, याची उत्तरे १८९२ व १९०७ या वर्षीच छापून झालेली होती. १९४० च्या दशकातील संशोधकांना ती ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून पटलेली नव्हती.

प्रस्तुत लेखात या विस्मरणाचा व त्यानंतरच्या पुनःशोधाचा इतिहास मांडावयाचा आहे. लेखक भाषाविज्ञानाचा अध्यापक आहे, मज्जाशास्त्राचा नव्हे. तेव्हा शस्त्रक्रियेच्या तपशिलात शिरण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु या इतिहासाचा एक धागा भाषाभ्यासकाच्या हाती सहज लागतो. दोन गोलार्धांतील दळणवळणाविषयी आपणांस जे कळले, ते रुग्णाला कोणता प्रश्न, कोणत्या मार्गाने विचारला आणि उत्तर कोणत्या मार्गाने घेतले, यावर पदोपदी अवलंबून राहिलेले आहे. अकेलायटिसच्या नजरेतून जे निसटले ते निष्काळजीपणामुळे निसटले नाही. त्याच्या प्रश्नांच्या घडणीतच ते निसटून जाण्याची वाट होती.

प्रथम या अवयवाची थोडी ओळख करून घेऊ. लॅटिन भाषेत याला 'कॉर्पस कॅलोसम' म्हणतात. त्यातील 'कॅलस' म्हणजे सतत घासून कातडीला पडणारा घट्टा. सभोवारच्या मऊ भागापेक्षा हा पट्टा हाताला टणक लागला, म्हणून प्राचीनांनी हे नाव दिले. नावात कार्याचा काहीही बोध नाही. म्हणून या लेखात मी त्याला नुसते 'जोडपट्टा' म्हणणार आहे. प्रौढ माणसात त्याची पुढून मागे लांबी सुमारे दहा सेंटिमीटर असते व त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात, अशी आजची गणना आहे. सस्तन प्राण्यांपैकी वार असलेल्या प्राण्यांतच तो आढळतो. कांगारूसारख्या पिशवीधारी प्राण्यांना तो नसतो व त्यांचे काम इतर लहान जोडण्यांवर भागते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार असल्याने ध्यानात ठेवावी.

वेसेलिअसने १५४३ च्या आपल्या ग्रंथात या पट्ट्याचे वर्णन करून त्याला आधारस्तंभाचे काम दिले. टॉमस विलिसने १६६४ मध्ये कल्पनाशक्ती तेथे आणून बसविली, तर लॅन्सिसीने १७१२ मध्ये थेट आत्म्यालाच तेथे जागा दिली. मेंदूच्या मध्यभागी असलेला हा एकच अवयव जोडीने नाही, म्हणून एकसंध आत्मा तेथेच असला पाहिजे, असा हा तर्क होता. आज तो हास्यास्पद वाटेल. परंतु जोडपट्ट्याचा आणि व्यक्तीच्या एकपणाचा काही संबंध आहे ही जाणीव त्यात होती, आणि अडीचशे वर्षांनी तोच प्रश्न वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहिला.

खरी सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. ब्रोकाने १८६१ मध्ये उच्चाराची शक्ती गमावलेल्या रुग्णाचा मेंदू दाखविला व १८६५ मध्ये वाचेचे स्थान डाव्या गोलार्धात असल्याचे प्रतिपादन केले. तेव्हापासून 'केंद्र' हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला. शब्दांचे केंद्र, लेखनाचे केंद्र, गणनेचे केंद्र असा केंद्रांचा सुकाळ झाला. या मतापासून निराळी दिशा दाखविली ती कार्ल व्हेर्निकेने. आपला वाचाघातावरील निबंध त्याने १८७४ साली प्रसिद्ध केला, तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्याचे गुरू मायनेर्ट यांनी मेंदूतील तंतूंची विभागणी केलेली होती : एकाच गोलार्धातील दोन ठिकाणांना सांधणारे, दोन गोलार्धांना सांधणारे आणि मेंदूला खालच्या शरीराशी सांधणारे. व्हेर्निकेने या शरीररचनेतून मानसशास्त्राला उपयुक्त असा सिद्धान्त काढला. केंद्रांत साध्या गोष्टीच साठविल्या जातात. भाषेसारखी गुंतागुंतीची क्रिया केंद्रांमधील जोडण्यांतून निर्माण होते. मग केंद्रे शाबूत असतानाही केवळ जोडणी तुटल्याने वाचाघात संभवतो. असा एक वाचाघात प्रत्यक्ष पाहण्याआधीच त्याने कागदावर मांडला. माणूस ऐकतो, समजतो, बोलतो, पण ऐकलेले जसेच्या तसे पुन्हा म्हणू शकत नाही, असा तो प्रकार.

या विचारसरणीची सर्वांत सुंदर कसोटी पॅरिसमध्ये लागली. 'श्री. सी.' या संक्षेपाने वैद्यकीय वाङ्मयात प्रसिद्ध असलेले हे गृहस्थ कापडाचे व्यापारी होते व धंद्यातून निवृत्त झाले होते. ऑक्टोबर १८८७ मध्ये एके दिवशी त्यांना आढळून आले, की आपल्याला वाचता येत नाही. डोळ्यांत दोष असेल म्हणून ते लांडोल्ट या नेत्रवैद्याकडे गेले. उजव्या बाजूचे दृश्य त्यांना नीट दिसत नव्हते हे खरे. पण डाव्या बाजूचे दिसत होते, समोरची वस्तू ते ओळखत, अक्षराची आकृती पाहून तिची नक्कलही करीत. फक्त ते अक्षर कोणते, हे त्यांना सांगता येत नसे. नवल असे, की त्यांचे लेखन शाबूत होते. मजकूर सांगितला तर ते लिहून घेत, स्वतःच्या मनानेही लिहीत, आणि थोड्या वेळाने तोच कागद त्यांच्यापुढे धरला तर त्यांना तो वाचता येत नसे. अंक मात्र ते ओळखत व हिशेब करीत. अक्षराच्या रेषांवरून बोट फिरविले की अक्षर ओळखू येई. म्हणजे अक्षरांचे ज्ञान नष्ट झालेले नव्हते. डोळ्यांच्या वाटेने तेथवर जाता येत नव्हते, हाताच्या वाटेने जाता येत होते.

जानेवारी १८९२ मध्ये दुसरा आघात होऊन ते वारले. ज्यूल देजरीन यांनी शवविच्छेदन केले. जुनी इजा डाव्या गोलार्धाच्या मागील, दृष्टीशी संबंधित भागात होती व ती जोडपट्ट्याच्या मागच्या टोकापर्यंत पोचलेली होती. देजरीन यांचे विवरण असे, की डाव्या गोलार्धातील लेखी शब्दांचे स्थान जागेवर राहिले, पण दृष्टिक्षेत्रांशी त्याचा संबंध तुटला. उजव्या गोलार्धाला अक्षरे दिसत होती. तेथून डावीकडे येण्याचा मार्ग बंद होता. भाषाविज्ञानाच्या वर्गात मी हे उदाहरण दरवर्षी सांगतो. लेखन व वाचन ही एकाच ज्ञानाची दोन तोंडे असल्याचे आपण गृहीत धरतो. या रुग्णात एक तोंड उघडे राहिले व दुसरे बंद झाले, आणि ज्ञान मात्र आत तसेच राहिले.

यानंतर बर्लिनमधील ह्यूगो लीपमान यांनी हाच विचार हातांच्या क्रियांना लावला. त्यांनी व मास यांनी १९०७ च्या सुमारास एका रुग्णाचे वर्णन केले. त्याचा उजवा हात लुळा होता. डावा हात लुळा नव्हता. तरी सांगितलेली साधी खूण तो त्या हाताने करू शकत नसे व त्याने लिहूही शकत नसे. शवविच्छेदनात जोडपट्ट्याला इजा झालेली दिसली. आज्ञा समजली ती डाव्या गोलार्धाला, आणि डावा हात चालविणारा उजवा गोलार्ध. मध्ये निरोप पोचविणारा रस्ता नव्हता. लीपमान यांचे हे काम इतके स्पष्ट होते, की त्यानंतर जोडपट्ट्याच्या कार्याविषयी शंका उरावयास नको होती.

पण शंका उरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत वारे उलट दिशेने वाहू लागले. प्येर मारी यांनी १९०६ मध्ये वाचाघाताच्या प्रचलित मांडणीवर हल्ला चढविला. हेन्री हेड यांनी १९२६ च्या ग्रंथात व्हेर्निकेच्या परंपरेतील लोकांना 'आकृत्या काढणारे' म्हणून हिणविले. लॅशली यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून १९२९ मध्ये मेंदूच्या सर्व भागांची क्षमता बहुतांशी सारखीच असल्याचे मत मांडले. हेड यांची टीका अगदीच निराधार होती असे नाही. काही अनुयायांनी रुग्णांकडे न पाहता चौकोन व बाण काढण्याचा सपाटा लावला होता. परंतु टीकेच्या भरात चांगल्या नोंदीही टाकाऊ ठरल्या. नॉर्मन गेश्विंड यांनी पुढे याचे आणखी एक कारण सांगितले आहे, ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धानंतर वैद्यकाचे माहेरघर जर्मन भाषिक प्रदेशाकडून इंग्रजी भाषिक प्रदेशाकडे सरकले, आणि जर्मनमध्ये लिहिलेले मूळ निबंध वाचणारे कमी होत गेले. वादाचे सारांश वाचले गेले. निबंध वाचले गेले नाहीत. ज्ञानाचे दळणवळण तुटल्याची ही कथा आहे, आणि तिचा विषयही दळणवळण तुटणे हाच आहे. हा योगायोग मला नेहमी थोडा खिन्न करतो.

आता अकेलायटिसच्या तपासणीकडे पुन्हा वळू. त्याने रुग्णांना वस्तू दाखविल्या, तेव्हा त्यांची नजर मोकळी होती. माणूस समोर पाहतो तेव्हा नजरेच्या डावीकडील दृश्य उजव्या गोलार्धात व उजवीकडील दृश्य डाव्या गोलार्धात जाते. पण नजर हलविण्यास मोकळीक दिली, की निमिषार्धात तीच वस्तू दोन्ही गोलार्धांना दिसते. मग बोलका डावा गोलार्ध उत्तर देतो आणि परीक्षकास वाटते, की सर्व काही ठीक आहे. रुग्णाने वस्तूचे नाव मोठ्याने उच्चारले तर ते उजव्या गोलार्धाच्याही कानी पडते. जोडपट्टा कापलेला असला, तरी दोन्ही गोलार्ध एकाच देहात राहतात व एकाच जगाकडे पाहतात. आतला रस्ता बंद झाला तर ते बाहेरून निरोप पाठवितात. 'या कानाची खबर त्या कानाला नाही' असे आपण म्हणतो, पण येथे खबर बाहेरून वळसा घालून त्या कानापर्यंत पोचत होती. हा वळसा बंद केल्यावाचून आतला रस्ता तुटला आहे की नाही, हे कळणे शक्य नव्हते. याच सुमारास विरोधी पुरावाही छापला जात होता. ट्रेशर व फोर्ड यांनी १९३७ मध्ये आणि इटलीतील मास्पेस यांनी १९४८ मध्ये असे रुग्ण नोंदविले होते, की ज्यांच्या जोडपट्ट्याचे मागचे टोक कापल्यावर नजरेच्या डाव्या अर्ध्यातील अक्षरे त्यांना वाचता येईनात. या नोंदींकडे कोणी वळून पाहिले नाही.

वळशाची वाट प्रथम बंद केली ती प्राण्यांत. शिकागो येथे रॉजर स्पेरी व त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड मायर्स यांनी १९५३ च्या सुमारास मांजरांच्या डोळ्यांपासून निघणाऱ्या तंतूंचा चौक छेदला, त्यामुळे प्रत्येक डोळा फक्त आपल्या बाजूच्या गोलार्धाला खबर देऊ लागला. अशा मांजराचा एक डोळा झाकून त्याला आकृत्यांमधील फरक शिकविला, की दुसऱ्या डोळ्यानेही ते फरक ओळखी. पण जोडपट्टाही छेदला असेल, तर दुसऱ्या डोळ्याने पाहताना मांजराला पहिल्यापासून सर्व शिकावे लागे. एका गोलार्धाने शिकलेले दुसऱ्याला ठाऊक नव्हते.

माणसाच्या बाबतीत दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी हे घडले. बोस्टन येथे गेश्विंड व मानसशास्त्रज्ञ ईडिथ कॅप्लन यांना एक रुग्ण भेटला. मेंदूतील गाठीवर त्याची शस्त्रक्रिया झाली होती व त्यानंतर जोडपट्ट्याचा रक्तपुरवठा खंडित झाला असावा, असा त्यांचा कयास होता. हा रुग्ण उजव्या हाताने बरोबर लिही, डाव्या हाताने चुकीचे शब्द लिही. डोळे बांधून डाव्या हातात वस्तू दिली तर तिचे नाव चुकीचे सांगे; पण त्याच हाताने अनेक वस्तूंतून तीच वस्तू बरोबर निवडी. गेश्विंड यांनी तोपर्यंत देजरीन व लीपमान मूळ भाषांतून वाचलेले होते, म्हणून हा विसंगत प्रकार त्यांना वेडेपणाचा वाटला नाही. त्यांचा अहवाल १९६२ मध्ये आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत लॉस एंजेलिस येथे बोगेन व व्होगेल यांनी अपस्माराच्या एका रुग्णाचा जोडपट्टा पूर्णपणे छेदला. हा ४८ वर्षांचा माजी छत्रीधारी सैनिक 'डब्ल्यू. जे.' या संक्षेपाने ओळखला जातो. मायकेल गॅझॅनिगा हे त्या वेळी स्पेरी यांचे विद्यार्थी होते. त्यांनी त्याची परीक्षा घेतली.

प्रश्नाची रीत आता बदलली होती. रुग्णाने समोरच्या बिंदूवर नजर खिळवावयाची. बिंदूच्या एका बाजूस चित्र वा शब्द सेकंदाच्या एक-दशांशाच्या आसपास चमकून नाहीसा होणार, म्हणजे डोळे वळविण्यास अवधीच नाही. हात पडद्याआड. शब्द उजवीकडे चमकला तर रुग्ण तो वाची. डावीकडे चमकला तर आपल्याला काही दिसले नाही असे सांगे, आणि त्याच वेळी पडद्याआडचा डावा हात त्या शब्दाने दर्शविलेली वस्तू चाचपून उचली. तोंड नाही म्हणत होते व हात होय म्हणत होता. यापुढे उत्तर फक्त जिभेकडून घेण्याची सवय संशोधकांना सोडावी लागली. गेश्विंड यांनी १९६५ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात विच्छेदजन्य विकारांवर दोन भागांत प्रदीर्घ निबंध लिहून व्हेर्निकेची परंपरा पुन्हा प्रतिष्ठित केली. स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

या यशाबरोबर एक खूळही आले, त्याचा उल्लेख करणे भाग आहे. 'डावा मेंदू तर्काचा, उजवा मेंदू कलेचा' अशी पुस्तके बाजारात आली व आपल्याकडील व्याख्यानमालांतही तो विचार शिरला. उजव्या गोलार्धाची भाषिक कुवत मोजणारे मूळ प्रयोग याहून कितीतरी सावध होते. गॅझॅनिगा व हिलयार्ड यांनी १९७१ मध्ये दाखविले, की उजव्या गोलार्धाला नामे कळतात, होकार व नकार यांतील भेदही कळतो. परंतु कर्तरी व कर्मणी वाक्यांतील कर्ता-कर्माचा भेद त्याला करता येत नाही, एकवचन-अनेकवचनाचाही नाही. शब्द आहे, पण व्याकरण नाही, अशी ही अवस्था. अर्थात हे निष्कर्ष थोड्या व दीर्घकाळ अपस्मार भोगलेल्या रुग्णांवरचे होते, हेही विसरता येणार नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग १९८१ साली 'सायन्स' मध्ये आला. 'जे. डब्ल्यू.' या रुग्णाची शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत झाली : प्रथम जोडपट्ट्याचा मागील अर्धा भाग छेदण्यात आला व काही आठवड्यांनी पुढील. या मधल्या काळात त्याच्या उजव्या गोलार्धाला शब्द दाखविण्यात आले. मागील भाग कापल्यामुळे शब्दाची आकृती डावीकडे जाणे शक्य नव्हते व आपल्याला शब्द दिसला नाही असेच तो सांगे. तरीही तो शब्दाच्या आसपास घोटाळत राही. चिलखती घोडेस्वार या अर्थाचा इंग्रजी शब्द चमकविला, तेव्हा त्याने प्राचीन काळ, शिरस्त्राणे, घोड्यांवर बसून एकमेकांना पाडणारे लोक असे वर्णन करीत शेवटी तो शब्द तर्काने गाठला. पुढच्या भागातून आकृती गेली नव्हती, उच्चार गेला नव्हता. अर्थाची आभा गेली होती. आपल्या शास्त्रात शब्द व अर्थ यांच्या नित्य संबंधाची चर्चा प्राचीन काळापासून चालत आली आहे. येथे एका माणसाच्या मेंदूत काही आठवड्यांपुरता अर्थ शब्दाला मागे टाकून पलीकडे पोचत होता. पुढचा भागही छेदल्यावर ते थांबले.

याच्या नेमकी उलट बाजू 'व्ही. पी.' या रुग्णात दिसली. तिचा जोडपट्टा पूर्ण छेदला गेल्याचे समजले जात होते. चुंबकीय प्रतिमांवरून १९८५ मध्ये असे आढळले, की मागच्या टोकाशी व पुढे खाली थोडे तंतू शिल्लक राहिले आहेत. पुढील परीक्षांत छापील शब्दाची ओळख तिच्या एका गोलार्धातून दुसऱ्यात जात असल्याचे दिसले. रंग, आकार व मोठेपणा यांची खबर मात्र जात नव्हती. तेव्हा जोडपट्टा हा पाण्याच्या नळासारखा नव्हे, की ज्यातून जितकी रुंदी तितका प्रवाह जावा. त्याच्या भागांगणिक वाहतुकीचा माल वेगळा आहे. सूक्ष्मदर्शकानेही याला दुजोरा दिला आहे. अबोइतिस व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये केलेल्या पाहणीत स्पर्श व हालचालींशी संबंधित मधल्या भागात जाड व जलद तंतू अधिक, तर पुढच्या भागात बारीक व मंद तंतू अधिक आढळले. वेगाचे मोजमाप तर त्याहून जुने आहे. पॉफेनबर्गर यांनी १९१२ मध्येच दिव्याच्या एका बाजूचा हात व दुसऱ्या बाजूचा हात यांच्या प्रतिसादातील फरक मोजण्याची रीत घालून दिली. निरोगी माणसात हा फरक तीन-चार मिलिसेकंद भरतो. जोडपट्टा छेदलेल्यांत तो सुमारे ३० ते ६० पर्यंत जातो. तेथेही निरोप पोचतो, पण आडवाटेने व उशिरा.

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्नाची रीत पुन्हा बदलली. भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये स्वस्थ पडून राहिलेल्या माणसांच्या मेंदूची चुंबकीय चित्रे घेतली. हात चालविणाऱ्या डाव्या व उजव्या भागांतील रक्तपुरवठ्याचे मंद चढउतार एकमेकांशी जुळून चालतात, असे त्यांना दिसले. याला मी सहस्पंदन म्हणतो. रुग्णाला आता काहीही विचारावयाचे नव्हते. जिभेची मध्यस्थी नाही, हाताचीही नाही. संपूर्ण मेंदूतील शेकडो ठिकाणांमधील सहस्पंदने एकत्र मांडून त्यांचे जाळे काढता येऊ लागले. तंतूंच्या जाळ्याच्या संपूर्ण नकाशाला 'कनेक्टोम' हे नाव २००५ मध्ये पडले. व्हेर्निकेचा विचार आता दोन-चार केंद्रांच्या आकृतीतून सुटून अखिल मेंदूच्या नकाशात आला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

साहजिकच पहिला प्रश्न असा आला, की जोडपट्टा काढला तर या जाळ्याचे काय होते? उत्तरे परस्परविरोधी मिळाली. जॉन्स्टन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सहा वर्षांच्या एका बालकाची शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर चित्रे घेतली. गोलार्धांमधील सहस्पंदन जवळजवळ नाहीसे झाले होते, प्रत्येक गोलार्धाच्या आतले टिकून होते. त्याच वर्षी उद्दीन व सहकाऱ्यांनी अनेक दशकांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या एका व्यक्तीत दोन बाजूंचे सहस्पंदन बरेचसे शिल्लक असल्याचे नोंदविले. टिश्का व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जन्मतःच जोडपट्टा नसलेल्या आठ प्रौढांचा अभ्यास केला. त्यांची दोन्ही बाजूंची जाळी जवळपास सर्वसामान्य माणसांसारखीच होती. येथे पिशवीधारी प्राण्यांची आठवण व्हावी. जन्मापूर्वीच मुख्य रस्ता झाला नाही, तर वाढणारे तंतू दुसऱ्या वाटा धरतात. तोवार-मोल व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा लोकांत लहान जोडण्यांतून जाणारे अनपेक्षित तंतुसमूह दाखवूनही दिले. माकडांवरील २०१३ च्या प्रयोगात असे आढळले होते, की जोडपट्टा छेदला पण पुढची लहान जोडणी राखली, तर सहस्पंदन पुष्कळ अंशी टिकते. तीही छेदली तर कोसळते. रोलंड व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २२ मुलांची पाहणी केली. सर्वांत मोठी हानी कपाळामागील व माथ्याखालील उच्च व्यापारांच्या क्षेत्रांत दिसली. दृष्टी व हालचालींच्या मूळ क्षेत्रांतील जुळणी त्यामानाने टिकून होती.

विद्यार्थी येथे हटकून विचारतात, की मग अशा माणसाची दोन मने होतात काय? स्पेरी यांचा कल तसे मानण्याकडे होता. पिंटो व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दोन रुग्णांत दाखविले, की दृश्य कोठेही चमकले तरी ते दिसल्याचे रुग्ण जिभेने व कोणत्याही हाताने बरोबर सांगतात. पण डावीकडील व उजवीकडील आकृत्यांची तुलना मात्र त्यांना करता येत नाही. माझ्या मते 'एक की दोन' हा प्रश्नच जुन्या साच्याचा आहे. लॅन्सिसीच्या आत्म्याला जागा शोधून देण्याचा तो अवशेष आहे. काय पलीकडे जाते व काय जात नाही, असे विचारले तर प्रयोगाला उत्तर देता येते.

ताजा निष्कर्ष २०२५ मधील आहे. सान्तान्देर व सहकाऱ्यांनी जोडपट्टा छेदलेल्या प्रौढ रुग्णांच्या मेंदूंतील सहस्पंदने मोजली. पूर्ण छेद झालेल्यांत दोन गोलार्धांची जुळणी फार मोठ्या प्रमाणात तुटलेली होती. परंतु एका रुग्णात मागच्या टोकाचा सुमारे एक सेंटिमीटर भाग शिल्लक होता, आणि त्याच्या संपूर्ण मेंदूचे जाळे जवळजवळ अखंड माणसासारखे होते. ज्या क्षेत्रांचे तंतू त्या टोकातून जात नाहीत, ती क्षेत्रेही पलीकडच्या जोडीदाराशी जुळलेली होती. वॉट्स व स्ट्रोगाट्झ यांनी १९९८ मध्ये गणिताने दाखविलेली गोष्ट येथे आठवते : दाट स्थानिक जोडण्यांच्या जाळ्यात दूरवरच्या मोजक्याच जोडण्या घातल्या, तरी कोणत्याही दोन ठिकाणांमधील वाट एकदम आखूड होते. एक पूल राहिला तरी दोन्ही तीरांवरील सर्व गावांना पलीकडे जाता येते. फक्त पुलापर्यंत यावे लागते.

मात्र व्ही. पी. च्याही मागच्या टोकाशी तंतू शिल्लक होते, आणि तिच्यात छापील शब्द पलीकडे गेला, रंग गेला नाही. सहस्पंदनाचे चित्र व वर्तनाची परीक्षा या दोन निरनिराळ्या रीती असल्याने दोन्ही नोंदी शेजारी ठेवून सरळ तुलना करता येत नाही. सहस्पंदन दोन ठिकाणे बरोबर चालत असल्याचे सांगते. त्यांनी एकमेकांना काय सांगितले, हे ते सांगत नाही. चिलखती घोडेस्वाराचा शब्द डावीकडे चमकवून रुग्ण काय बोलतो याची वाट पाहण्याची जुनी रीत म्हणूनच निकामी झालेली नाही. २०२५ मधील रुग्णासारख्या माणसापुढे, नजर खिळवून, अक्षराची आकृती, उच्चार व अर्थ वेगवेगळे पारखणारे शब्द ठेवले, तर त्या एका सेंटिमीटरातून काय वाहते हे नेमकेपणाने कळू शकेल. असे शब्द निवडणे हे भाषावैज्ञानिकाचे काम आहे.